चौदा नंबरच्या खोलीतला उजेड

शोशफुर्दो,
११ नोव्हेंबर

प्रिय गिझी,

तुझं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले. पाकिटावरचा ग्राझचा शिक्का बघून पोस्टमनने मला जिन्यातच गाठलं. म्हणाला, "गिझेलाबाईंचं दिसतंय. आठवण आहे म्हणायची अजून." मी हसले. त्याला दुसरं काय सांगणार होते? दीड वर्षात एक नाताळचं कार्ड आणि आता हे चार पानी पत्र. त्यातली तीन पानं तू जिला सांभाळतेस त्या म्हातारीची: ती सूप गार झाल्याशिवाय पीत नाही, तिचं मांजर तुझ्या उशीवर झोपतं, तिचा मुलगा महिन्यातून एकदा येतो आणि घड्याळाकडे बघत बसतो. आणि चौथ्या पानावर अगदी तळाशी, कागद संपत आल्यासारख्या बारीक अक्षरात, चार ओळी कामाच्या. तू पत्रातही तशीच आहेस. आपल्या उपचार विभागातसुद्धा महत्त्वाची गोष्ट तुला दाराच्या मुठीला हात लावल्यावरच आठवायची.

इकडची खबर विचारलीस. आपल्या गरम झऱ्याच्या स्नानगृहात बाहेरच्या तलावाच्या फरशा उखडल्या आहेत, त्यामुळे बुद्धिबळवाले सगळे म्हातारे आतल्या तलावात येऊन बसलेत. छातीएवढ्या गरम पाण्यात तेच डाव आणि तीच भांडणं. लोरिंत्स काका परवा मला बघून पाण्यातूनच म्हणाले, "एतेल्काबाई, तुमची जोडीदारीण ऑस्ट्रियाला गेली आणि माझा खांदा पोरका झाला." त्यांना वाटलं मी काहीतरी उलटं बोलेन, पूर्वीसारखं. मी टॉवेल घडी करत राहिले. चौदा नंबरमध्ये नवीन लेसर आलाय आणि एमोके नावाची नवी मुलगी. दर सोमवारी पहिला पेशंट आत घ्यायच्या आधी ती लेसरची दांडी मीटरवर टेकवते, आकडा बघते आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहिते. दोन मिनिटांचं काम. बाहेर बाकावर बसलेल्या बायका कुरकुरतात, "ही पोरगी आमच्या आधी मशीनचाच ताप बघते." मी त्या खोलीत आता नसते. चिखलाच्या विभागात बदली मागून घेतली. दिवसभर लोकांच्या पाठीला गरम चिखल थापते आणि चादरीत गुंडाळते. बरं आहे. चिखल गरम आहे की गार, हे हात घातला की कळतं. कुणाच्या शब्दावर राहावं लागत नाही.

तुझ्या शब्दावर मी तेवीस वर्षं राहिले, आणि ते काही भोळेपणाने नाही. बुदापेश्तच्या त्या लेसरच्या कोर्सला आपण एका खोलीत होतो. चौऱ्याण्णवचा हिवाळा होता, खोलीत फ्रीज नव्हता म्हणून तू सलामी खिडकीबाहेर दोरीला टांगायचीस आणि कावळ्यांना शिव्या द्यायचीस. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की हा उपचार याच शहरात सापडला, साठीच्या दशकात. एका डॉक्टरांनी कर्करोगासाठी म्हणून उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे लाल किरण सोडले. किरण फार कमजोर होते, रोगावर ढिम्म परिणाम झाला नाही, पण त्या उंदरांचे केस बाकीच्यांपेक्षा लवकर उगवले. तू माझ्या कानात म्हणालीस, "माझ्या नवऱ्याला लगेच पाठवते, मागून चांद दिसायला लागलाय." ते कुजबुजणं सगळ्या वर्गाने ऐकलं आणि बाईंनी आपल्या दोघींना पुढच्या बाकावर आणून बसवलं. तेव्हापासून आपण पुढच्याच बाकावर होतो.

तू शिकलीस माझ्यापेक्षा चांगलं. मी पेशंटला समजवायला जायचे आणि पुस्तकातले शब्द तोंडात यायचे. तू चष्मा कपाळावर चढवून सांगायचीस आणि सगळ्यांना कळायचं. रोझाल मावशींच्या गुडघ्याला दांडी टेकवून तू म्हणायचीस, "हे बघा मावशी, या गुडघ्यातल्या कणाकणात एकेक बारीकशी भट्टी आहे. अंगाची ताकद तिथे भाजून निघते, पाव निघावा तशी. सूज आली, जखम झाली की भट्टीत राख साचते. हा प्रकाश दोन-तीन बोटं आत जातो आणि राखेवर फुंकर घालतो, बस. आग तुमची, पाव तुमचा, मी नुसती फुंकर." मावशी विचारायच्या, "मला काहीच कसं लागत नाही गं?" तू म्हणायचीस, "काही लागायचंच नाहीये. लागलं तर मला सांगा, म्हणजे मी घाबरायला सुरुवात करते." आणि कुणी म्हणालं की आज जरा जास्त वेळ ठेवा, लांबून आलोय, तर तू दांडी लगेच उचलायचीस. फुंकर थोडी पडली तर राख हलत नाही आणि जास्त घातली तर होती ती आगही विझते. प्रत्येक जागेचं माप ठरलेलं. रोझाल मावशींचा गुडघा खरंच उतरला होता. बेकरीतल्या त्या भाजलेल्या बाईचा हात तर आपण दोघींनी डोळ्यांनी भरताना बघितला. काहींना फरक पडायचा नाही, त्यांना तू सरळ सांगायचीस, "तुमच्यावर हा चालत नाही, डॉक्टरांकडे परत जा." यासाठीच मी तुला मानायचे. सरळ सांगण्यासाठी.

आणि एक गोष्ट आपण पेशंटना नेहमी सांगायचो, की दिसतो तो लाल ठिपका उपचाराचा नाही. तो फक्त दांडी कुठे टेकली आहे ते दाखवतो. कामाचा किरण डोळ्याला दिसतच नाही. तुला आठवेल, माणसं हे ऐकून जरा हिरमुसायची.

विल्मोशच्या जखमेची हकीकत तुला मी नव्याने सांगायला नको, तरी सांगते, कारण तुझ्या पत्रात ती अशी आली आहे की जणू ती आपल्या दोघींवर एकत्रच कोसळली. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी त्याने पंपघरासाठी नवे बूट घेतले. आत शिवण वर आलेली. शुगरमुळे त्याच्या पावलांना काही कळायचं नाही हे तुला ठाऊक आहे. तीस वर्षं या गावाला गरम पाणी पुरवणारा माणूस, आणि त्याला स्वतःच्या पायाखालचं पाणी गरम की गार ते सांगता येत नव्हतं. मोजा ओढताना कातडी बरोबर आली तेव्हा मी बघितलं. डाव्या अंगठ्याच्या खाली, जर्दाळूच्या बीएवढी जखम. आपल्या सर्जननी साफ केली, पायावर भार टाकू नको म्हणाले, आणि सेगेदच्या मोठ्या इस्पितळाची सहा एप्रिलची तारीख घेऊन दिली: चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही तर तिथे रक्तवाहिन्या आणि हाड तपासून घ्यायचं. मी विचारलं, लेसर देऊ का. ते म्हणाले, "द्या की, जोडीला द्या." घरच्या माणसावर आपण उपचार करायचा नाही हा विभागाचा नियम. म्हणून मी माझा नवरा तुझ्या हाती दिला.

सात मार्चला तो पहिल्यांदा चौदा नंबरमध्ये आडवा झाला. मी पडद्याच्या या बाजूला एका बाईची मान बघत होते आणि तुमचं बोलणं ऐकत होते. विल्मोश म्हणाला, "माझ्या पायाचे एवढे लाड माझ्या आईनेसुद्धा केले नाहीत." तू म्हणालीस, "गप पड आणि चष्मा लाव. आंधळा झालास तर एती मला मारेल, लंगडा झालास तरी मारेल." तो केवढा हसला. मीही हसले, ती मान दुखणारी बाईसुद्धा हसली. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार. तू जखमेच्या कडेकडेने दांडी टेकवायचीस, प्रत्येक जागी एक मिनिट, मशीन पिंग करायचं आणि तू पुढच्या जागी जायचीस. मध्ये तुझ्या सासूच्या कागाळ्या. तो घरी येऊन मला त्या परत सांगायचा, आवाज काढून.

आता तो दिवस, जो तू तुझ्या पत्रात गाळलास. एप्रिलची चार तारीख. चार आठवडे भरत आले होते. तू जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने कडा काढलीस, आधीच्या कागदावर धरलीस आणि म्हणालीस, "कडा आत येतायत असं वाटतंय." मलाही तसं वाटलं. सेगेदला जायचं म्हणजे विल्मोशचा पूर्ण दिवस जाणार, आणि ईस्टरच्या गर्दीआधी त्याला पंप उघडून साफ करायचे होते. तो कुरकुरत होता. मी तुझ्या टेबलावरचाच फोन उचलला आणि सेगेदची तारीख रद्द केली. त्या फोनवर मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. मी म्हणाले, "आमच्याकडे लेसर चालू आहे, सहा आठवडे पुरे होऊ देत, मग कळवते." तू माझ्या मागे उभी होतीस. हातात दांडी होती, स्पिरिटचा बोळा होता. मी फोन ठेवला तरी तू पुसतच होतीस. मग म्हणालीस, "कॉफी टाकू?"

मी दुधाची घेतली. तू नेहमीसारखा माझ्या कपात साखरेचा अर्धाच खडा टाकलास, उरलेला तुझ्या तोंडात.

यंदा जूनमध्ये जुनं यंत्र न्यायला माणूस आला. मला नुसतं दार उघडून द्यायला बोलावलं होतं. यंत्राच्या मागच्या खणात त्याला देखभालीची वही सापडली. तो पानं चाळत म्हणाला, "बाई, हे तर गेल्या वर्षी फेब्रुवारीतच मेलेलं होतं की." मी म्हणाले काहीतरी चूक असेल. त्याने वही माझ्यापुढे धरली. तुझं ते डावीकडे कललेलं अक्षर. चार फेब्रुवारी. मीटरवर शून्य, लाल ठिपका चालू, किरण निघत नाही, मुख्य डॉक्टरांना कळवले. खाली झांबोकी डॉक्टरांची सही: सुटा भाग मागवला आहे, तोपर्यंत उपचार चालू ठेवावेत. तो माणूस माझ्याकडे बघत होता आणि मला बसायला खुर्ची सापडत नव्हती. तेवीस वर्षं ज्या खोलीत काढली तिथे.

यंत्र मेल्यावरही एक्केचाळीस माणसं तिथे आडवी झाली, गिझी. त्या वहीवरून नेमलेल्या चौकशी समितीने मोजली आहेत. निम्म्यांनी सांगितलं की आम्हाला बरं वाटत होतं. एमोके म्हणते, दुखण्याचं तसं असतं, कुणी आस्थेने वीस मिनिटं हात लावला की तेवढ्याने उतरतं थोडं. असेल. पण जखमेला तुझ्या सासूच्या गोष्टी ऐकू येत नाहीत.

तू लिहितेस, झांबोकींनी तुला बजावलं होतं की चौदा नंबर एक महिना जरी बंद पडला तरी पुन्हा उघडणार नाही, आणि दोघींतली एक जाईल, आणि ती एतेल्का असेल. म्हणून तू गप्प बसलीस. "मी ते तुझ्यासाठी केलं, एती." हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की आता ते मला तुझ्या आवाजात ऐकू येतं. माझ्यासाठी काही करायचं होतंस तर मला विचारायचं होतंस. मी गेले असते. चिखल थापायला गेले असते, जे आज करतेच आहे. आणि दुसरी ओळ, की झांबोकी सप्टेंबरमध्ये वारले, त्यांच्या सहीचं उत्तर आता कुणी देणार नाही, सगळं तुझ्या एकटीच्या गळ्यात येणार, ग्राझमधलं कामही जाणार. आणि तिसरी ओळ, की मी समितीपुढे एवढंच म्हणावं: मार्चपासून यंत्र दुरुस्त झालंय असाच गिझेलाचा समज होता. आणि चौथी, की माझ्या तोंडून आलं तर ते मानतील, कारण पाय माझ्या नवऱ्याचा गेला.

हे तू बरोबर ओळखलंस. ते मानतील.

सेगेदच्या डॉक्टरीणबाईंना मी नंतर विचारलं होतं, लेसर नीट चालला असता तर पाय वाचला असता का. त्या तरुण आहेत, सरळ बोलतात. म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. तुम्ही सहा एप्रिलला आला असता तर मात्र आम्ही रक्तवाहिनी उघडली असती, हाडाला लागण झाली नव्हती तेव्हा. बोट गेलं असतं फार तर." म्हणजे पाय किरण नसल्याने गेला नाही. किरण आहे असं धरून आम्ही थांबलो, त्यात गेला. जी गोष्ट थांबवायला तुला एक वाक्य पुरलं असतं, त्या वाक्याच्या जागी तू मला कॉफी दिलीस.

गेल्या वर्षी जूनमध्ये तू निघालीस तेव्हा विल्मोश कुबड्यांवर बसस्टँडपर्यंत आला. मी नको म्हणत होते. त्याने तुला आंबट चेरीची बरणी दिली आणि म्हणाला, "तिकडच्या लोकांना काय खायला मिळतं कोण जाणे." तू त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस, इतकी की ड्रायव्हर खाली उतरून आला. सगळ्यांना वाटलं गाव सुटतंय म्हणून. मी तुझी बॅग धरून उभी होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि तेव्हा मला बरं वाटलं, कारण मलाही तुझ्याकडे बघायचं नव्हतं.

का नव्हतं, ते तुला ठाऊक नाही. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

वीस एप्रिलला लोरिंत्स काका खांद्यासाठी आले होते. तू सुट्टीवर होतीस म्हणून मी त्यांना घेतलं. टीव्ही दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, स्वस्थ कुठला पडतोय. म्हणाले, "एतेल्काबाई, डोळ्याला न दिसणारा किरण मोबाईलला दिसतो, माहीत आहे का? रिमोटसारखा. दाखवतो." त्यांनी मोबाईलचा पुढचा कॅमेरा दांडीच्या तोंडाशी धरला. लाल ठिपका दिसला. बाकी काळोख. ते म्हणाले, "माझा मोबाईल बिघडला वाटतं," आणि खिशात घातला. मी दांडी परत त्यांच्या खांद्याला टेकवली आणि त्यांची वीस मिनिटं पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी मी तुला विचारलं. तू केसपेपरवरून मान वर न करता म्हणालीस, "अगं, आताच्या फोनला काच असते वेगळी, त्यात दिसत नाही." मी म्हटलं, असेल. आणि तुझं ऐकून घरी आले, विल्मोश बातम्या बघत होता, मी त्याच्या हातातला रिमोट घेतला, बटण दाबून माझ्या मोबाईलसमोर धरला. पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका लखलखीत उमटला. विल्मोश म्हणाला, "चॅनल का बदलतेस?"

म्हणजे मला एकवीस एप्रिलला संध्याकाळी कळलं होतं, आणि वीसलाच कळायला हवं होतं. रुग्णवाहिका आली एकोणतीसला. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत तो तीन वेळा चौदा नंबरमध्ये आला, मी त्याच्या बरोबर चालत आले, त्याचा बूट काढून हातात धरला आणि तुझं मशीन पिंग करताना ऐकलं. तू विचारशील, का. मी स्वतःला रोज विचारते. रोज सकाळी मी ठरवायचे की आज सेगेदला फोन करते. पण फोन केला तर का रद्द केलं होतं ते सांगावं लागणार. यंत्र मेलेलं असेल तर ती तारीख मी फुकट घालवली, माझ्या हाताने, माझ्या आवाजात. त्याऐवजी असं धरून चालणं सोपं होतं की लोरिंत्स काकांचा मोबाईल जुना आहे, की सोमवारपर्यंत कडा आणखी आत येतील. मी पारदर्शक कागद एकमेकांवर ठेवून बघत बसायचे. जखम तेवढीच होती. मला ती लहान दिसायची. एकोणतीसला तो तापाने फणफणला आणि नडगीवर लाल रेघ वर चढलेली दिसली, तेव्हा कुठे मी फोन केला. तीन मेला गुडघ्याखालून पाय काढला. तू हालास्ले घेऊन आलीस, तो माशाचा रस्सा त्याने चाटून खाल्ला, आणि आपण दोघी त्याच्या पलंगाच्या दोन बाजूंना बसलो होतो, दोघी जाणत्या, दोघी गप्प.

मागच्या रविवारी मी विल्मोशला सगळं सांगितलं. समितीचं पत्र त्याच्याही नावाने आलं होतं, त्याने ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे काय ते तू वाचून सांग." जेवणं झाली होती. आधी मी तुझं सांगितलं, ती वही, चार फेब्रुवारी, झांबोकींची सही, तुझं ते फोनच्या मागे उभं राहणं. त्याने समितीचं पत्र परत पाकिटात घातलं. मग म्हणाला, "बिचारी. एवढं पोटात ठेवून मला सासूच्या गोष्टी सांगायची." मला तुझा मत्सर वाटला, गिझी. इतका, की मी आणखी थांबू शकले नाही आणि माझे नऊ दिवस सांगून टाकले. रिमोटचं सांगितलं. त्याला ती संध्याकाळ आठवत होती. त्याने एक प्रश्न विचारला फक्त, "बूट तू धरला होतास ना?" मी हो म्हणाले. सोमवारी सकाळी त्याने कृत्रिम पाय चढवला, एक लहान बॅग भरली आणि बहिणीकडे बाया गावाला निघून गेला. किती दिवसांसाठी ते सांगितलं नाही. त्याची बहीण रोज फोन करते, जेवतो म्हणते, कोळ्यांबरोबर नदीवर जाऊन बसतो म्हणते. त्याला फोनवर बोलावते का विचारलं की इकडचं तिकडचं बोलते. तुझा पत्ता मात्र त्याने तिच्याकरवी मागून घेतला. तो तुला लिहील. मला लिहिणार नाही.

आता तुझ्या चार ओळींचं उत्तर. बावीस तारखेला, गुरुवारी सकाळी दहा वाजता समिती बसणार आहे. गिझेलाला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. गिझेलाला चार फेब्रुवारीपासून माहीत होतं, असं सांगणार आहे, आणि एतेल्काला वीस एप्रिलपासून, दोन्ही तारखा एकापुढे एक. लोरिंत्स काकांना साक्षीला यायला सांगितलंय. ते चकित झाले, पण येतो म्हणाले. तुझं काम गेलं तर माझंही जाईल. आता वाचवायला कुठली खोली उरलेली नाही. हे मी तुला माफ केलं म्हणून लिहीत नाही, आणि तू मला करावंस म्हणूनही नाही. तुझं मला कळलं ते एका जुन्या वहीतून, अनोळखी माणसासमोर, उभ्याउभ्या. माझं विल्मोशला कळलं ते दीड वर्षाने. तुला हे समितीच्या कागदातून कळू नये, एवढ्यासाठी अकरा दिवस आधी लिहिलं. तुला यायचं असेल तर आदल्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने निघालीस की वेळेत पोचशील. तुझ्यासाठी जागा धरणार नाही, पण तू आलीस तर उठूनही जाणार नाही.

पुढच्या बाकावरची तुझीच,
एतेल्का